वन्यप्राण्याचे व्यक्तिचित्र वाचताना

वडोदऱ्यात चित्र पाहायला शिकणाऱ्यांची एक मोठी सोय आहे. कमाटीबागेत संग्रहालय आणि चित्रवीथी आहे, आणि त्याच बागेत प्राणिसंग्रहालयही आहे. वन्यप्राण्याच्या चित्राचा अर्थ लावायचा असेल, तर आधी पिंजऱ्यापुढे अर्धा तास थांबावे आणि मगच चित्रापुढे जावे, असे मी नवख्यांना आग्रहाने सांगतो. कारण प्राण्याच्या चेहऱ्यावर आपल्याला दिसणारी भावना पुष्कळदा आपलीच असते.

हत्तीच्या चित्रात डोळा आणि कान यांच्यामधून गालावर ओघळलेली काळसर, ओलसर रेघ दिसली, की तो रडतो आहे असे वाटून मन हळवे होते. वास्तविक तो गंडस्थळातून पाझरणारा मद असू शकतो, आणि मदावर आलेला नर हत्ती अत्यंत धोकादायक असतो. वाघाने कान फिरवून त्यांच्या मागचे पांढरे ठिपके समोर आणले असतील, तर तोंड मिटलेले असूनही तो चिडलेला आहे असे समजावे. म्हणून आधी कान, शेपटी आणि पायांवर पडलेला भार पाहावा.

त्यानंतर चित्रकाराने काय निवडले, ते शोधावे. उस्ताद मन्सूरने 1621 मध्ये जहांगिरासाठी रंगवलेला झेब्रा पाहा. पार्श्वभूमी जवळजवळ मोकळी आहे आणि प्रत्येक पट्टा वेगळा, सावकाश रंगवलेला आहे. नजर त्या पट्ट्यांवरून फिरत तोंडाला बांधलेल्या मोरकीवर येते आणि तिथे अडकते. अबिसिनियाहून, म्हणजे आजच्या इथिओपियाहून, दरबारात आणलेल्या या जनावराचे एकटेपण मला त्या मोरकीत दिसते. मन्सूरच्या मनात मात्र अचूक नोंदीपलीकडे काही होते, असा दावा मी करणार नाही.

प्रतीकाचा विचार सर्वांत शेवटी करावा. घुबड आपल्या घरांत अशुभ मानतात, बंगालमध्ये ते लक्ष्मीचे वाहन आहे, तर ग्रीकांकडे ते बुद्धीची देवता अथेना हिचे चिन्ह आहे. तेव्हा चित्र कुठे, कधी आणि कुणासाठी काढले, हे कळल्याशिवाय प्रतीकाचा अर्थ ठरवू नये.

जाण्यापूर्वी थोडे दूर उभे राहून, एक डोळा मिटून, तळहाताने प्राण्याचे डोळे झाकून पाहावे. तरीही खांद्यांत आणि पाठीच्या रेषेत तीच भावना जाणवली, तर ती चित्रकाराने सबंध देहात रंगवली आहे. नाहीशी झाली, तर ती बुबुळावरच्या पांढऱ्या ठिपक्यापुरतीच होती.