अँटेनावर साठणारा विद्युतभार रेडिओ सेटपर्यंत पोहोचू देऊ नका

त्या संध्याकाळी आभाळात ढग नव्हता. कोरडा वारा सुटला होता आणि धूळ उडत होती. सेटमधून काढून टेबलाच्या कडेला सोडलेल्या कोॲक्समधून (अँटेनापासून सेटपर्यंत येणाऱ्या केबलमधून) ‘टिक... टिक...’ ऐकू आलं. दिवा मालवून पाहिलं, तर कनेक्टरच्या पिनेवरून बाहेरच्या कड्यावर निळसर ठिणग्या उडत होत्या. माझा आधीचा रिसीव्हर एकाएकी बहिरा का झाला, ते मला तेव्हा कळलं.

धुळीचे कण आणि पावसाचे थेंब तारेला भार देऊन जातात. साध्या डायपोलच्या, म्हणजे दोन तारांच्या अँटेनाच्या, तारा इन्सुलेटरवर टांगलेल्या, त्यामुळे तो भार उतरायला वाटच नसते. आरजी-58 या कोॲक्स केबलची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, मीटरला सुमारे 100 पिकोफॅरड, म्हणजे 30 मीटरला 3000. ही केबल 3000 व्होल्टपर्यंत चढली, तर साठलेली ऊर्जा होते 13 मिलिज्यूलच्या आसपास. आपल्या हाताला चिमटा बसेल एवढीच, पण सेटच्या इनपुटमधला नाजूक डायोड तेवढ्याने जातो.

म्हणून भाराला कायमची वाट द्या. 220 किलोओहमचे, अर्ध्या वॅटचे पाच कार्बन फिल्म रेझिस्टर एकापुढे एक जोडा आणि केबल घरात शिरते तिथे, डबीत, टी-कनेक्टर लावून पिन आणि शिल्ड (केबलची बाहेरची जाळी, कनेक्टरच्या कड्याला जोडलेली) यांच्यामध्ये बसवा. एकच रेझिस्टर वापरू नका. अर्ध्या वॅटचा साधारण 350 व्होल्टच सोसतो, पाच जोडले की व्होल्टेज वाटलं जातं. 100 वॅटवर प्रसारण करताना 50 ओहमच्या लाइनवर 71 व्होल्ट असतात, तेव्हा या साखळीत 5 मिलिवॅटही वाया जात नाहीत. शिल्डला चांगलं अर्थिंग हवंच, नाहीतर सगळी मेहनत फुकट.

आता सेट काढून पिन आणि कडं यांना मीटर लावा. 1.1 मेगोहम दिसायला हवेत. प्रोबची टोकं बोटांनी धरू नका, अंगाचा रोधही मोजला जातो. फोल्डेड डायपोल (तारेचा बंद फेरा असलेला) असेल तर मीटर जवळपास शून्य दाखवेल. तिथे साखळीची गरजच नाही. अँटेना आणि केबल यांच्यामध्ये बसवलेल्या 1:1 करंट बलूनवर मात्र विसंबू नका, तो दोन तारांना एकमेकींशी जोडत नाही.

वीज पडली तर ही साखळी काहीच वाचवणार नाही. गडगडाट दुरून ऐकू येण्याआधीच केबल काढलेली बरी. हवा निवळल्यावर परत जोडताना मी आधी इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने पिन कड्याला टेकवते.

दर हंगामाच्या सुरुवातीला मीटर पुन्हा लावते. साखळीतला एक रेझिस्टर जरी तुटला, तरी बाहेरून काही दिसत नाही, आणि सेट नेहमीसारखाच चालत राहतो.