दोन बँड, एक रेकॉर्ड: आपल्या गावात डूम मेटलचं स्प्लिट कसं काढाचं

राजेहो, स्प्लिट म्हणजे एकाच रेकॉर्डवर दोन बँड, एक बाजू याची, एक बाजू त्याची. डूम मेटल म्हणजे लय संथ आणि जड गिटारचं रॉक, त्या डूमवाल्यांत हे जुनंच चालत आलेलं आहे, २०११ मध्ये कॉनन आणि बेलफास्टच्या स्लोमॅटिक्स ह्या दोन डूम बँडनं काढलेलं स्प्लिट ऐकून घ्या आधी. खर्च अर्धा होते हे तं आहेच, पण पुसदच्या पोरांनी पुसदला रेकॉर्ड केलं, आर्वीच्या पोरांनी आर्वीला आणि शेवटी फाइली जोडल्या, असं करू नका भाऊ. ऐकणारा एकच माणूस बाजू पलटवणार आहे, म्हणून पहिल्या रिफच्या (गिटारवर परत परत येणाऱ्या सुरावटीच्या) आधीच दोन्ही बँडनं एका ओट्यावर बसून ठरवलं पाह्यजे.

पहिले मिनिटं ठरवा. बारा इंची रेकॉर्डवर ३३ च्या स्पीडनं एका बाजूला १८ ते २० मिनिटं नीट बसतात, त्याच्यावर गेले की आवाज बारीक करावा लागते, काहून की जड बेसची खाच रुंद असते आणि जागा खाते. एकाची बाजू २३ आणि दुसऱ्याची १४ झाली तं पलटवल्यावर फरक लगेच कानाला लागन. पैसे कमी असले तं कॅसेट काढा, ४० मिनिटांच्या कॅसेटमध्ये बाजूला २० मिनिटं भेटतात. आता हिशोब पाहा, ५० बीपीएमवर (मिनिटाला ५० ठोके) चार ठोक्यांचा एक बार ४.८ सेकंदांचा, आठ बारचा रिफ ३८ सेकंदांच्या वर जाते, तो आठ वेळा वाजवला की पाच मिनिटं गेली. म्हणजे एका बाजूला दोन गाणी पुष्कळ झाली. ड्रमरला मनात अर्धे ठोके मोजाची सवय लावा, नाहीतं दोन ठोक्यांच्या मधात तो पळतेच.

मंग ट्यूनिंग, म्हणजे गिटारच्या तारा कोणत्या सुरावर लावाच्या ते. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात गेली, नंतर तारा सैल करत करत १९७१ च्या रेकॉर्डवर तो सी शार्प सुरापर्यंत खाली आला, तिथून ही सगळी वाट सुरू झाली. दोन्ही बँडनं एकच ट्यूनिंग घ्यावं असं काही नाही, माझ्या मतानं एक सी वर आणि दुसरा ए वर असला तं पलटवल्यावर जमीन अजून खाली गेल्यासारखी वाटते. फक्त ए वर जायचं तं सहावी तार साठच्या (०.०६० इंच जाडीच्या) वरची लावा आणि नटची, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीची, खाच घासून घ्या.

आपल्याकडे खरा त्रास लाइटचा. घरच्या लाइटची (मेनची) गुणगुण ५० हर्ट्झची आणि ए वर उतरवलेली गिटारची तार ५५ ची, म्हणजे गुणगुण रिफला चिकटूनच बसते, नंतर ती कापाले गेलं की रिफही कापल्या जाते. म्हणून सगळं सामान एकाच बोर्डावरून, अर्थिंग नीट असलेल्या, लॅपटॉप बॅटरीवर. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर भरभर आवाज देते, साइन वेव्हवालाच घ्या. शिवारात मोटरपंप सुरू झाले की कुठं कुठं व्होल्टेज पडते, तं शेतीच्या लाइनचं टाइमटेबल पाहूनच टेक घ्या.

आता खोली, ह्याच्यात तं आपण शहरवाल्यांपेक्षा श्रीमंत आहो. भाव वाढन म्हणून घरात कापूस भरून ठेवलेला असते ना जानेवारी-फेब्रुवारीत, तीच खोली. अंड्याच्या ट्रेनं बेस थांबत नाही, त्याले जाडी लागते आणि भिंतीभर रचलेले कापसाचे गठ्ठे ती देतात. एक टाळी वाजवून पाहा, आवाज तिथंच मरते. पण आगीचं भान ठेवा, ट्यूबवाला अँप तापते, तो बाहेर सपरीत ठेवा आणि दाराखालून स्पीकरची वायर टाकून फक्त कॅबिनेट (स्पीकरचा डबा) आत, कापसापासून दूर. कॅबिनेट जोडल्याशिवाय ट्यूब अँप चालू कराचाच नाही, ट्रान्सफॉर्मर जळू शकते. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, साठवलेल्या कापसात अंगाला खाज सुटते. दोन्ही बँड ह्याच खोलीत, तेच माइक, तोच ड्रमसेट, गिटार ज्याची त्याची.

मिक्स ज्याचा त्याचा करा पण मास्टरिंग (छापाच्या आधीचा आवाजावरचा शेवटचा हात) एकाच माणसाकडून, एकाच बैठकीत. फाइल २४ बिटची द्या, पीक -६ डीबीच्या आसपास, लिमिटर (आवाजाचे शेंडे दाबणारं यंत्र) न लावता, आणि रेकॉर्ड छापत असाल तं खालचा बेस मोनो (डाव्या-उजव्या दोन्हीकडं सारखाच) ठेवा, नाहीतं सुई उडते.

ए बाजू कोणाची ह्याच्यावरून लय भांडणं होतात. बाजूंवर अक्षरच छापू नका, दोन्हीकडं फक्त बँडचं नाव. खर्च, प्रती आणि गाण्यांचा हक्क ज्याचा त्याले हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. प्रती निम्म्या निम्म्या वाटा, आणि आपल्या गावच्या दुकानात ठेवताना दुसऱ्या बँडची बाजू वर ठेवा.