फुलशेतीआधीची वही

रोपांची ऑर्डर देण्याआधी एक वही घ्या आणि पहिल्याच पानावर लिहा: फुले कोण घेणार आणि कोणत्या दिवशी. गोव्यात हे पान दोन पंचांगांवर चालते. एकीकडे चवथ (गणेश चतुर्थी), दसरा, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त. दुसरीकडे २ नोव्हेंबरला, ख्रिस्तींच्या मृतांच्या स्मरणदिनी, सिमितेरीत (दफनभूमीत) न्यायची फुले, ३ डिसेंबरचे जुन्या गोव्यातले सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, नाताळ आणि त्यानंतरची चर्चमधली लग्ने. चातुर्मासात हिंदूंची लग्ने थांबतात, कोरेझ्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, ख्रिस्तींची. या रिकाम्या आठवड्यांवर लाल पेन्सिलने खूण करा. त्या दिवसांत देवळांचे हार आणि हॉटेलांची मागणी यांवरच भागवावे लागते.

मग तारखेपासून मागे मोजत या. झेंडूची रोपे तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात, लावल्यावर फूल यायला आणखी दोनेक महिने. म्हणजे दसऱ्याच्या फुलांसाठी बी जुलैत, ऐन पावसात पडायला हवे. त्यासाठी रोपवाटिकेवर प्लास्टिकचे छप्पर आणि लागवडीला उंच गादीवाफे जूनआधीच तयार पाहिजेत. पहिल्या वर्षी मी ऑगस्ट संपता संपता बी टाकले. दिवाळीलाही झाडांवर नुसत्या कळ्या होत्या. नंतर मळा असा फुलला की बघत राहावे, पण घ्यायला कोणी नव्हते. ती फुले खताच्या खड्ड्यात ओतताना घरातले कोणीच बोलत नव्हते. तेव्हापासून मागची मोजणी केल्याशिवाय मी बियाण्याचे पाकीट फोडत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात: जमिनीचा फॉर्म १ व १४ चा उतारा काढा, कृषी खात्याचे शेतकऱ्यांसाठीचे कृषी कार्ड करून घ्या आणि अनुदान हवे असेल तर शेडनेटचा (सावलीच्या जाळीचा) पहिला खांब रोवण्याआधी विभागीय कृषी कार्यालयात जाऊन या. माती तपासून घ्या. आपली तांबडी जांभ्याची माती बहुधा आंबट असते, चुना किती घालायचा ते अहवालावरून ठरवा. विहीर मे महिन्यात किती उपसा देते, हे मे महिन्यातच बघा.

कुळागर (सुपारीची बाग) असेल तर पोफळीखालच्या सावलीत हेलिकोनिया हे केळीसारख्या पानांचे फुलझाड लावा, तिला वेगळे छप्पर लागत नाही. डेंड्रोबियम ऑर्किडला मात्र शेडनेट हवे. नारळाची सोडणे, कोळसा आणि विटांचे तुकडे घालून कुंड्या जमिनीपासून उंच ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मुळे कुजतात.

सगळ्यात जास्त काळजी काढणीची. बादल्या आदल्या रात्री साबणाने घासून ठेवा, अस्वच्छ बादलीतल्या पाण्यात देठ तुंबतो आणि फूल मान टाकते. कात्री धारदार हवी, उजाडता उजाडता काढणी व्हावी आणि देठ तोडल्या तोडल्या पाण्यात जावा. निशिगंधाची खालची एक-दोन फुले उमलली की दांडा काढा. ऑर्किडची तीन-चतुर्थांश फुले उघडेपर्यंत थांबा. हेलिकोनिया तोडल्यावर आणखी उघडत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला हवी तेवढी उघडल्यावरच कापा. आणि ती फ्रिजमध्ये ठेवू नका. उष्ण प्रदेशातली ही फुले १३ अंशांखाली काळी पडतात. हौसेने घेतलेल्या फ्रिजमध्ये फुले काळवंडलेली मी पाहिली आहेत.

हॉटेलला माल देणार असाल तर पैसे किती दिवसांत मिळणार ते पहिल्या खेपेआधी लिहून घ्या. एका हॉटेलने माझे बिल चार महिने अडकवले आणि त्या काळात मजुरांचा पगार मी घरखर्चातून दिला.

पहिली विक्री करण्याआधी प्रत्येक जातीच्या दहा दांड्या घरातच साध्या पाण्यात ठेवा आणि रोज सकाळी वहीत नोंद करा: कोणती कधी कोमेजली, कोणत्या कळ्या उघडल्याच नाहीत. फुलवाला पहिल्या भेटीत हेच विचारतो, किती दिवस टिकते?