केबल तोडायची? मग केबलवाल्याकडूनच ऐका

साताऱ्यात मी शहाण्णव सालापासून केबल ओढतोय. तेव्हा गच्चीवर जाळीची भली मोठी छत्री असायची, रात्री नऊला व्हीसीआरवर पिक्चर लावायचा, आणि पाऊस पडला की अर्ध्या पेठेच्या टीव्हीवर मुंग्या. आता आठवड्याला एक तरी फोन येतो, "दादा, बॉक्स घेऊन जा, आम्ही सगळं नेटवरच बघतो." आधी पोटात गोळा यायचा. आता ते नेटही बहुतेक वेळा मीच देतो, त्यामुळे खरं सांगायला माझं काही जात नाही.

मात्र त्यातले काहीजण दोन महिन्यांनी परत येतात. कारण ठरलेलं असतं. घरात कोण काय बघतं, हे तोडायच्या आधी कुणी पाहिलेलंच नसतं.

म्हणून पहिलं काम, वहीचं एक पान फाडा आणि टीव्हीशेजारी ठेवा. पेन दोरीने बांधा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गायब. आठवडाभर ज्याने जे लावलं त्याने ते लिहायचं, चॅनल आणि वेळ. एका घरात कर्ते पुरुष मला ठासून सांगत होते, "आमच्याकडे टीव्ही कुणी बघतच नाही." आठ दिवसांनी पान भरून मागची बाजूही अर्धी भरली होती. बिल तीनशेच्या वर चॅनलचं, आणि बघितले गेलेले मोजून सात. त्यातले दोन स्वतः त्या गृहस्थांचे, रात्री अकरानंतरचे.

पान हातात आलं की एकेका नावापुढे ते दुसरीकडे कुठे मिळतं ते लिहा. झी मराठीच्या मालिका झी५ वर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही जिओहॉटस्टारवर, कारण त्यांच्या मालक कंपन्या नोव्हेंबर २०२४ मध्ये एक झाल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये हे एकत्र ॲप आलं. सोनी मराठी सोनीलिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. मराठी बातम्यांचे बहुतेक सगळे चॅनल यूट्यूबवर थेट आणि फुकट चालतात, त्यासाठी केबल ठेवायची गरज उरलेली नाही. दूरदर्शनसाठी प्रसार भारतीचं वेव्हज आहे, ते २०२४ च्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात गोव्यात सुरू झालं.

एका गोष्टीपुढे मात्र काही लिहिता येणार नाही. ती म्हणजे गावातला लोकल चॅनल. विसर्जन मिरवणूक, नगरपालिकेचं पाणी कधी येणार, आणि खाली सरकणारी 'दुःखद निधन'ची पट्टी. म्हातारी माणसं सकाळी चहा घेताना आधी ती पट्टी वाचतात. आता हे यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवर सरकलंय, पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला गावात कोण गेलं हे उशिरा कळतं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर तेही त्या पानावर लिहा.

आता बिल काढा. तोडायच्या आधी ते नीट वाचा, कदाचित तोडावं लागणारही नाही. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे टीव्ही-फोनवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाने चॅनल आपण निवडायचे असं ठरलं. तेव्हा पहिल्या शंभर चॅनलचं मूळ भाडं जास्तीत जास्त १३० रुपये होतं, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत दोनशे चॅनल द्यायचे ठरले, आणि जुलै २०२४ मध्ये ही कमाल मर्यादाच काढून टाकली. त्यामुळे आज तुमच्या ऑपरेटरचं मूळ भाडं किती आहे, ते त्यालाच विचारा. बाकी बिल फुगतं ते पॅकांमुळे. एका मराठी चॅनलसाठी घेतलेल्या पॅकमध्ये लहान मुलांचे, इंग्रजी पिक्चरचे, कुणी न लावलेले चॅनल येतात. पॅक काढून सुटे चॅनल मागा. हे मी सांगतोय म्हणजे धंद्यातले भाऊबंद शिव्या घालतील, पण नियमाने सुटा चॅनल द्यावाच लागतो.

तरीही तोडायचीच असेल तर नेटचं बघू.

नेटचा वेग एमबीपीएसमध्ये मोजतात. एका टीव्हीवर एचडी चालवायला पाचेक एमबीपीएस पुरतात. फोर-के असेल तर पंचवीस धरा. दोन टीव्ही आणि चार मोबाइल असलेल्या घरात चाळीस-पन्नासचा प्लॅन आरामात चालतो, तीनशेचा घेऊन शेजाऱ्याला सांगण्यापलीकडे उपयोग नाही. किंमत बघताना जीएसटी जोडा, ३९९ म्हणजे हातातून ४७१ जातात. आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार सोडून द्या. एचडीला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो. रोजचे दोन जीबी म्हणजे चाळीस मिनिटं. मालिका आणि तिच्या नंतरची अर्धी मालिका, संपलं.

फायबर, म्हणजे नेटची काचेची वायर, घेताना जोडणाऱ्या पोराला एकच प्रश्न विचारा, "पॉवर किती येतेय?" म्हणजे वायरीतून प्रकाश किती पोचतोय. त्याच्या हातातल्या मीटरवर उणे आकडा दिसतो. उणे वीसच्या आसपास असेल तर छान. उणे सत्तावीस-अठ्ठावीस दाखवत असेल तर त्याला जाऊ देऊ नका, कुठेतरी वायर मुडपलीय किंवा जोड कच्चा आहे, आणि पहिल्या पावसात तुम्हीच रडणार. फायबर घरात ज्या डब्यात येते त्यावर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागला तर फायबर तुटलेली असते किंवा निसटलेली असते. तेव्हा डबा दहादा बंद-चालू करून काही होत नाही, फोन करा.

राउटर कुठे ठेवता यावर अर्धा खेळ आहे. आमच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन फुटी, दगड-मातीच्या. राउटरमधून दोन नावं येतात, त्यातलं ५ गिगाहर्ट्झवालं वेगवान असतं पण भिंतीत मरतं. २.४ वालं हळू, पण पलीकडे पोचतं. शक्य असेल तर टीव्हीच्या खोलीतच राउटर लावा किंवा लॅनची वायर थेट टीव्हीत खोचा. वायफायच्या तक्रारीसाठी मला बोलावतात, मी वायर खोचतो, चहा पितो आणि येतो.

विजेचंही सांगतो, कारण इथे फायबर केबलपेक्षा खरंच सरस आहे. जुन्या केबलच्या लाइनवर दर काही अंतराला ॲम्प्लिफायर लागायचा, आणि तो कुणाच्या तरी घरच्या प्लगवर चालायचा. त्या घराला केबल फुकट. त्यांची लाइट गेली की पुढची अख्खी गल्ली बंद, तुमच्याकडे इन्व्हर्टर असला तरी. फायबरच्या स्प्लिटरला, म्हणजे एका वायरीच्या अनेक वायरी करणाऱ्या डबीला, वीजच लागत नाही. घरच्या डब्याला आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की लोडशेडिंगमध्येही नेट सुरू.

टीव्ही स्मार्ट नसेल तर मागे एचडीएमआयचं भोक आहे का ते बघा. असेल तर त्यात ॲप चालवणारी स्टिक किंवा अँड्रॉइड बॉक्स लावा. स्टिकला टीव्हीच्या यूएसबीवरून वीज देऊ नका, अर्ध्यात बंद पडते, तिचा अडॅप्टर वापरा. जुना पोटवाला टीव्ही असेल तर त्यावर स्टिकचा खटाटोप करू नका. त्याचं उत्तर वेगळं आहे, पुढे येतो त्यावर.

आता ज्या गोष्टीवर केबल तोडणं खरं अडतं, ती म्हणजे रिमोट.

मंगळवार पेठेत एक काकू आहेत, पंच्याहत्तरीच्या, एकट्या. मुलाने पुण्याहून स्टिक पाठवली आणि मला फोन केला, "दादा, लावून द्या आणि केबल बंद करा." मी लावली. काकूंच्या जुन्या रिमोटवर चार, दोन आणि एक या आकड्यांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके होते. चारशे एकवीस म्हणजे त्यांची मालिका. ठिपके बोटाला लागतात, चष्मा शोधावा लागत नाही. नव्या रिमोटवर आकडेच नाहीत. टीव्ही लावला तर पडद्यावर तीन गोल चेहरे आले आणि इंग्रजीत प्रश्न, कोण बघतंय? मी वाचून दाखवला. काकू म्हणाल्या, "मीच बघतेय की रे. दुसरं कोण आहे या घरात?"

मी हसलो खरा, पण त्या संध्याकाळी बॉक्स काढून नेला नाही.

नंतर आम्ही जे केलं ते तुम्हीही करा. प्रोफाइल एकच ठेवायचं, बाकीचे चेहरे काढून टाकायचे. टीव्ही लावल्यावर येणाऱ्या पहिल्या पडद्यावर फक्त लागणारी दोन ॲप पुढे, बाकी मागे. भाषा मराठी. रिमोटवरचं माइकचं बटण दाबून मालिकेचं नाव म्हणायला शिकवायचं, हे काकूंना आवडलं, फक्त त्या आधी "अहो" म्हणायच्या आणि टीव्ही "अहो" शोधायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, महिनाभर दोन्ही चालू ठेवायचं. रिमोटवरून हात आपोआप नव्याकडे जायला लागला की मगच जुनं काढायचं. काकूंचा हात गेला नाही. त्यांचा आता सुट्या चॅनलचा छोटा रिचार्ज आहे आणि स्टिक नातू आला की चालते. त्यांच्या मुलाला हे सांगताना जरा वेळ लागला.

ज्यांना ॲपची वर्गणी नको, नेट नको, किंवा टीव्हीच पोटवाला आहे, त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची छत्रीवरची सेवा. २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हापासून महिन्याचं भाडं शून्य. छत्री, बॉक्स, वायर मिळून आमच्याकडे दीड-दोन हजारांत काम होतं. जुन्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी जोडता येते. सह्याद्री मिळते. खासगी चॅनल मात्र लिलावात जागा घेऊन येतात, त्यामुळे आज आहे ते पुढच्या वर्षी असेलच असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. क्रिकेटचा फायदा मोठा. २००७ च्या कायद्याने भारताच्या महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने ते फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या सेवेवर दाखवता येतं. म्हणून तोच डीडी स्पोर्ट्स फ्री डिशवर मॅच दाखवतो आणि केबलवर भलतंच काहीतरी. आयपीएल यात धरू नका.

घरात बंद पडलेली डीटीएचची छत्री असेल तर फेकू नका. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, पूर्वेच्या ९३.५ अंशांवर. साताऱ्याहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साठेक अंश वर आहे. छत्री मात्र तेवढी आडवी दिसणार नाही, बरीच उभीच दिसेल, कारण तिची रचनाच तिरकी असते. हे माहीत नसलेले लोक आभाळाकडे तोंड करून ठेवतात आणि त्यात पाणी साठवतात. एकाने खाली टीव्हीपाशी बसायचं, एकाने गच्चीवर बोटभर बोटभर सरकवायची, आणि मध्ये जिन्यात ओरडायला एक पोरगं. मोबाइल आले तरी पोरगंच लागतं.

सगळं जमलं, आता खरंच तोडायची. खात्री नसेल तर आधी नुसती थांबवा. किमान महिनाभरासाठी सेवा तात्पुरती बंद ठेवायची सोय नियमांत आहे, ऑपरेटर स्वतःहून सांगणार नाही. कायमची बंद करताना लेखी किंवा मेसेजवर कळवा, तोंडी नको. बॉक्स भाड्याचा असेल तर परत द्या, रिमोट आणि अडॅप्टरसकट, आणि अनामत भरली असेल तर तिची मूळ पावती शोधून ठेवा. परत दिल्याची पोचही घ्या. पोच न घेतल्यामुळे माझ्याच एका नातेवाइकाकडे दुसऱ्या गावच्या ऑपरेटरने वर्षभराने बॉक्सचे पैसे मागितले होते.

आणि ती काळी वायर उपटून काढू नका. भिंतीतल्या पाइपात ती वीस वर्षं बसलेली असते. फायबरवाला आला की तिच्या एका टोकाला नवी वायर चिकटपट्टीने घट्ट गुंडाळायची, कनेक्टर न लावता, आणि पलीकडच्या खोलीतून जुनी हळूहळू ओढायची. वळणावर अडली तर झटका देऊ नका, थोडी मागे, थोडी पुढे. जुनी बाहेर येते तशी मागून नवी येते, भिंत फोडावी लागत नाही.