लाळ का गळते? घरी कारण कसं शोधावं, डॉक्टरांना काय सांगावं

अण्णांच्या उशीवर सकाळी ओला डाग दिसायला लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी कवळीला दोष दिला. कवळी बदलली, नवी टोचते म्हणून घासून घेतली, यात चार-पाच महिने गेले. त्याच काळात त्यांचा एक चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. तो चेक अजून माझ्याकडे आहे. सहीची पहिली दोन अक्षरं नेहमीसारखी, पुढची मुंगीएवढी होत गेलेली. लाळ आणि सही यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही. न्यूरॉलॉजिस्टनी मात्र दोन्हींबद्दल लागोपाठ विचारलं. निदान निघालं कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सनचं. हात फारसे थरथरत नव्हते, म्हणून आम्हाला शंका आली नव्हती.

ते महिने आमच्यासारखे कुणाचे वाया जाऊ नयेत, म्हणून ही पद्धत लिहून काढतेय.

आधी एवढं समजून घ्या

माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण नकळत आवंढा गिळत राहतो, म्हणून ती जाणवत नाही. तेव्हा लाळ गळत असेल तर एक तर ती जास्त सुटतेय, नाहीतर नेहमीइतकीच सुटतेय पण गिळली जात नाही. मज्जासंस्थेच्या आजारांत बहुतेकदा दुसरं कारण असतं. अण्णांचंही तेच होतं: आवंढा कमी वेळा गिळला जायचा, मान पुढे झुकलेली, ओठ नीट मिटत नव्हते. पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न मनात ठेवा.

पायरी 1: अचानक सुरू झालं का?

झालं असेल तर वही-पेन बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा.

तोंड एका बाजूला वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, तर पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा. नुसता चेहरा वाकडा झाला तर तो चेहऱ्याच्या नसेचा बेल्स पाल्सीही असतो, पण तो फरक डॉक्टरांना करू द्या.

लहान मूल अचानक लाळ गाळतंय, काही गिळत नाही, ताप आहे, पुढे झुकून बसलंय, श्वास घेताना आवाज येतोय? घसा बघायला तोंडात चमचा घालू नका, श्वास अडकू शकतो. खेळण्यातला बटण सेल गिळल्याची शंका असेल तर रात्र असली तरी निघा. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही तिथे भाजल्यासारखी जखम होते.

आपल्या नाशिक जिल्ह्यात आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत फवारणीचे दिवस सुरू होतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगावर उडालं किंवा श्वासातून गेलं, तर लाळेच्या आणि घामाच्या ग्रंथी एकदम जोरात सुटतात. तोंडातून धार, डोळ्यांतून पाणी, दरदरून घाम, उलट्या, जुलाब, छातीत घरघर, स्नायू फडफडणं आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. इथे लाळ खरोखरच जास्त सुटलेली असते. ‘ऊन लागलं असेल, सरबत द्या’ म्हणण्यात मोलाचा वेळ जातो. स्वतःच्या हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला, त्या माणसाचे कपडे उतरवा, अंग, केस, नखं साबणाने भरपूर पाण्यात धुवा. उलटी करवू नका. औषधाची बाटली किंवा खोकं बरोबर न्याच, कारण त्यावरच्या नावामुळे दवाखान्यात उपचार लवकर ठरतो. ॲट्रोपिन हे त्यावरचं औषध तिथेच द्यायचं असतं.

आणि मळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तोंडात लाळ साचायला लागली, तर मण्यार चावली असेल हे गृहीत धरा. तिच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही.

कुत्रं चावलं तर लक्षणांची वाट बघायचीच नाही. जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवून लगेच लस घ्यायला जा. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की उपचार हाती राहत नाही.

पायरी 2: आठवडाभर वही ठेवा

हळूहळू वाढलेलं असेल तर दुसरीतिसरीच्या मुलांची एक साधी वही घ्या. चार गोष्टी लिहा: वेळ, त्या वेळी माणूस काय करत होता (जेवण, टीव्ही, झोप), रुमाल किंवा पंचा किती वेळा बदलला, आणि ठसका लागला का. अण्णांच्या वहीत तिसऱ्या दिवशीच दिसलं की जेवताना ते ठीक असतात, टीव्हीसमोर मान खाली गेली की शर्ट भिजतो. डॉक्टरांनी ती दोन पानं आमच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचली.

फक्त झोपेत, तेही कुशीवर किंवा पालथं झोपल्यावर लाळ येत असेल आणि बाकी तब्येत उत्तम असेल, तर बहुतेकदा काळजीचं काही नसतं. आपल्याकडच्या थंडीत नाक चोंदलं की तोंड उघडं राहतं, तेवढंही पुरतं. जेवणानंतर किंवा आडवं झाल्यावर तोंडात आंबट पाणी भरून येत असेल, छातीत जळजळत असेल, तर आम्लपित्ताचं सांगा.

पायरी 3: तोंड आणि औषधं बघा

उजेडात तोंड बघा: किडलेली दाढ, हिरड्यांची सूज, छाले, सैल कवळी. मग घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. क्लोझापिनने, विशेषतः रात्री, लाळ वाढते हे ठाऊक असलेलं आहे. इतर काही मानसोपचारातल्या गोळ्यांनी आणि स्मृतिभ्रंशासाठीच्या डोनेपेझिलनेही तसं होऊ शकतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. पिशवी डॉक्टरांसमोर ठेवा.

गरोदरपणात पहिल्या महिन्यांत मळमळीबरोबर तोंडात सारखं पाणी सुटतं. बहुतेकींना ते दिवस पुढे गेले की कमी होतं.

पायरी 4: मूल असेल तर वय बघा

‘आईचे डोहाळे पुरले नाहीत म्हणून बाळाची लाळ गळते’ हे मी पंचवटीतल्या कितीतरी घरांत ऐकलंय. त्या बाईला ते ऐकताना काय वाटत असेल! त्यात काहीही तथ्य नाही. बाळाला लाळ सुटायला लागते आधी, गिळायचं तंत्र जमतं नंतर, एवढंच. दीड-दोन वर्षांपर्यंत लाळेरं बांधा आणि निश्चिंत राहा. चार वर्षांनंतरही लाळ गळत असेल, किंवा मान धरणं, बसणं, बोलणं उशिरा होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सेरेब्रल पाल्सीमध्ये, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा राहत नाही त्या आजारात, हे खूप मुलांना होतं. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांनाही मुद्दाम सांगा.

पायरी 5: घरी काय करावं

पाणी कमी देऊ नका. लाळ कमी व्हावी म्हणून आम्ही तेही करून बसलो, आणि अण्णांची बद्धकोष्ठता तेवढी वाढली. पाठ ताठ, हनुवटी सरळ राहील अशी खुर्ची द्या; जेवणानंतर अर्धा तास तरी बसवून ठेवा. ‘आवंढा गिळा’ अशी हळूच आठवण करा, चारचौघांत ‘तोंड पुसा’ म्हणून नव्हे. ठसका लागत नसेल तर साखर नसलेली गोळी चघळायला दिल्याने गिळणं आपोआप होतं. हनुवटी घासून पुसू नका, मऊ सुती कापडाने टिपा आणि वर थोडं व्हॅसलिन लावा, नाहीतर ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात. दोन वेळा दात घासणं सोडू नका: लाळ श्वासनलिकेत गेली तर तोंडातले जंतू फुफ्फुसात उतरतात. जेवताना ठसका, ओलसर घोगरा आवाज, वारंवार ताप ही त्याची चिन्हं, आणि ती दिसली की डॉक्टरांकडे जायला थांबायचं नाही.

पायरी 6: योग्य माणसाकडे जा

आधी फॅमिली डॉक्टर. सोबत अक्षर बारीक होणं, चालताना एक हात न हलणं, चेहऱ्यावरचे भाव कमी होणं, वास न येणं यातलं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्ट. गिळण्याचे व्यायाम स्पीच थेरपिस्ट शिकवतात, नाव जरी बोलण्याचं असलं तरी. लाळ कमी करणारी ग्लायकोपायरोलेटसारखी औषधं आहेत, पण त्या गटातल्या औषधांनी म्हाताऱ्या माणसांना लघवी अडकणं, गोंधळल्यासारखं होणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून ती मेडिकलमधून परस्पर आणू नका. लाळग्रंथीत बोट्युलिनमचं इंजेक्शन देतात, त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो.

अण्णांना इंजेक्शनपर्यंत जावं लागलं नाही. खुर्ची बदलली, टीव्ही भिंतीवर दीड हात वर चढवला, व्यायाम सुरू झाले. वहीत रोजचे सात-आठ पंचे दिसत होते, ते दोनवर आले.