शॉकअप सेट करताना या चुका टाळा: आधी वजन, मग रस्ता, मग तुमची स्टाईल

साताऱ्यात कुठल्याही गॅरेजवर संध्याकाळचं थोडा वेळ उभं राहिलं की कोणीतरी येतंच, गाडी मागनं उडते म्हणून, नायतर घाटात वळणाला बाहेर जाते म्हणून, नायतर कंबर धरली म्हणून. आणि बऱ्याचदा उत्तर एकच मिळतं, शॉकअप गेलेत, नवीन टाका. आता खरंच गेलेलेही असतील, पण ते कधी तुमच्या वजनाला सेट केले होते का हे कोणी विचारतच नाही. शोरूममधनं गाडी येते ती कंपनीच्या ठराविक सेटिंगला. तुम्ही ५५ किलोचे आहात का ९५ किलोचे, रोज एकटे एमआयडीसीला जाता का मागं बायको आणि पोरगं घेऊन यवतेश्वर चढता, हे त्या सेटिंगला कुठनं कळणार.

सगळ्यात मोठी चूक इथंच होते, लोक स्टाईलपासनं सुरुवात करतात. "मी फास्ट चालवतो, म्हणून शॉकअप कडक पाहिजे." नाय हो. आधी तुमचं वजन, मग तुमचा रोजचा रस्ता, आणि ती दोन्ही जमली की मग शेवटी तुमची चालवायची पद्धत. यूट्यूबवर कोणीतरी सांगितलेले क्लिक, म्हणजे शॉकअपचा स्क्रू किती घरं फिरवायचा ते, जसेच्या तसे उतरवून घेतले तर ते त्याच्या वजनाला आणि त्याच्या रस्त्याला बसतात, तुमच्या नाही.

सेटिंगला हात लावायच्या आधी

टायरची हवा बघा, आणि गाडी थंड असताना बघा. हवा जास्त असली की गाडी दगडासारखी लागते आणि आपण शिव्या शॉकअपला घालतो. किती हवा पाहिजे ते चेनकव्हरवर किंवा चिमट्यावर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, एकट्यासाठी वेगळं आणि डबलसीटसाठी वेगळं. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला, फोर्क, म्हणजे पुढच्या शॉकअपचे दोन पाय, खालनं धरून पुढं मागं हलवा. टकटक खेळ जाणवला तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, ढिला आहे. हँडल फिरवताना मधोमध अडकल्यासारखं झालं तर त्याच बेअरिंगची बॉल रेस खड्डा पडून गेलेली आहे. मागचं चाक आडवं हलवून चिमट्याचे बुश पण बघा, पण त्यात चाकाचं बेअरिंग पण खेळ दाखवू शकतं, तेवढं वेगळं करून बघा. यातलं काही बिघडलेलं असेल तर शॉकअपचे कितीही क्लिक फिरवा, काही उपयोग नाही.

प्रीलोड वाढवला म्हणजे स्प्रिंग कडक झाली, हा गैरसमज

प्रीलोड म्हणजे रिंग फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणं. हा गैरसमज इतका पसरलाय की चांगले मेस्त्री पण असंच बोलतात. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या संख्येवर आणि वेढ्याच्या व्यासावर ठरतो, तो रिंग फिरवून बदलत नाही. समजा साध्या सरळ वेढ्यांच्या स्प्रिंगला १ सेंटीमीटर दाबायला ५० किलो लागतात, तर प्रीलोड कितीही करा, पुढच्या सेंटीमीटरला ५० किलोच लागणार. प्रीलोडनं बदलतं ते एवढंच की तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली बसते. मग कडक का वाटते? कारण प्रीलोड फार झाला की छोट्या खड्ड्याचा धक्का स्प्रिंगला हलवायलाच पुरत नाही आणि तो सरळ तुमच्या कमरेत जातो. वरून शॉकअप पूर्ण उघडताना टक्क असा आवाज पण येतो, विशेषतः स्पीडब्रेकर उतरताना.

तर बसणं मोजा. याला सॅग म्हणतात, आणि मोजायला एक टेप आणि एक मित्र पुरतो. मागचं चाक अधांतरी ठेवून चाकाच्या एक्सलपासनं सरळ वर सीटखालच्या एका ठरवलेल्या खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी चाकावर उभी करून हेल्मेट जॅकेट घालून, रोज जशी बॅग असते तशी बॅग घेऊन बसा, पाय फूटरेस्टवर, मित्रानं गाडी सरळ धरायची, दोन वेळा हलक्या उड्या मारा आणि परत तेच अंतर मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा सॅग. रस्त्यावरच्या गाडीला तो चाकाच्या एकूण प्रवासाच्या साधारण तिसरा हिस्सा असावा, थोडा कमी चालेल. नवीन हिमालयन ४५० चा चाकाचा प्रवास पुढं मागं २०० मिलिमीटर आहे म्हणजे ६० च्या आसपास, आणि ज्या गाडीचा १०० मिलिमीटर आहे तिला ३० च्या आसपास. फरक जास्त आला तर प्रीलोड वाढवा, कमी आला तर कमी करा. प्रीलोड शेवटच्या खाचेला नेऊनही गाडी बसतेच आहे असं झालं तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंगच मऊ आहे, तिथं स्प्रिंग बदलणं हाच इलाज.

बुटकी माणसं आणखी एक करतात, पाय टेकावेत म्हणून प्रीलोड अगदी कमीत कमी करून टाकतात. पाय टेकतात, खरंय, पण मग वळणात स्टँड घासतो आणि खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतं. पाय टेकायचे असतील तर सीटचा फोम कमी करून घ्या, ते शंभर पटीनं बरं. फोर्क क्लॅम्पमधनं वर सरकवून पुढची बाजू खाली घेणारे पण आहेत. त्यानं गाडी पटकन वळते पण हायवेला स्पीडमध्ये हँडल हलकं पडतं आणि थरथरायला लागतं, तेव्हा मापात राहूनच करा.

डबलसीट आणि ओझं

दोन शॉकअपवाल्या बहुतेक गाड्यांना खाली पाच खाचांची रिंग असते आणि ती फिरवायला टूलकिटमध्ये वाकडा सी-पाना दिलेला असतो. बहुतेकांच्या गाडीत तो पाना पिशवीतनं कधी बाहेरच आलेला नसतो, किंवा मग आधीच हरवलेला असतो. एकट्याला दुसरी खाच आणि मागं कोणी बसलं की चौथी, इथनं सुरुवात करा. दोन्ही बाजू एकाच खाचेला पाहिजेत, एक तिसरीत आणि एक पाचवीत ठेवून चिमट्याला पीळ देऊ नका. गाडी मेन स्टँडवर असताना फिरवा म्हणजे रिंग हलकी जाते.

डबलसीट असताना प्रीलोड न वाढवल्याची खूण रात्री कळते. समोरचे सगळे तुम्हाला डिपर मारायला लागतात, कारण मागची बाजू बसल्यामुळं तुमचा हेडलाईट त्यांच्या डोळ्यात जातो. आणि दिवसा घाटात कळते. पसरणी घाटात मागं माणूस आणि बॅगा घेऊन चढताना पुढचं चाक हलकं होतं, हँडल वळवलं तरी गाडी बाहेरच्या बाजूला जायला बघते. लोक टायरला दोष देतात. मागचा प्रीलोड दोन खाचा वाढवून तेच वळण घ्या, फरक लगेच कळेल. त्यानंतर चेनचा ढिलेपणा पण एकदा बघा, मागची उंची बदलली की तो पण बदलतो.

दूधवाल्यांचं सगळ्यात अवघड. ४० लिटरचा एक कॅन म्हणजे नुसतं दूधच ४० किलोच्या वर, असे दोन कॅन लटकले की मागं एक मोठा माणूस बसल्यासारखं ओझं, आणि ते पण एक्सलच्या मागं. जाताना भरलेले, येताना रिकामे. दोन्हीला एकच सेटिंग जमत नाही. म्हणून भरल्या ओझ्याच्या बाजूनं सेटिंग ठेवा आणि रिकामं येताना स्पीड कमी करा, कारण तेव्हा मागची बाजू उडते आणि खड्ड्यात चाक रस्ता सोडतं. ब्रेक लावायची वेळ नेमकी तिथंच येते.

रिबाउंड आणि कॉम्प्रेशन

ज्यांच्या गाडीला हे स्क्रू आहेत त्यांच्यासाठी. उदाहरणार्थ ड्यूक ३९० च्या २०२४ च्या मॉडेलला पुढं दोन्ही आणि मागं रिबाउंड, असे पाच पाच क्लिक आहेत. कॉम्प्रेशन म्हणजे शॉकअप दबायचा वेग आवरणं, रिबाउंड म्हणजे दबलेलं परत उघडायचा वेग आवरणं. घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की जास्त आवर, उलट फिरवलं की कमी.

इथं सगळ्यात फसवणारा प्रकार सांगतो, कारण यात अनुभवी लोक पण चुकतात. हायवेला जे पाठोपाठ रंबलरचे पट्टे असतात त्यावरनं जाताना गाडी पहिल्या दोन पट्ट्यांना ठीक वाटते आणि नंतर हळूहळू दगडासारखी कडक होत जाते. माणसाला वाटतं कॉम्प्रेशन जास्त आहे, तो ते कमी करतो, फरक पडत नाही, मग प्रीलोड कमी करतो, अजून बिघडतं. खरं कारण असं की रिबाउंड फार हळू आहे. एका पट्ट्यावर दबलेलं शॉकअप पूर्ण उघडायच्या आत दुसरा पट्टा येतो, मग तिसरा, आणि शॉकअप खालीखालीच बसत जातं, दबायला जागाच उरत नाही. इथं रिबाउंड एक क्लिक मोकळं करायचं. उलट, एकाच मोठ्या स्पीडब्रेकरनंतर सीट तुम्हाला वर फेकत असेल आणि गाडी दोन तीनदा झुलत असेल तर रिबाउंड फार मोकळं आहे, एक क्लिक आवळायचं.

एका वेळेला एकच गोष्ट बदला, एक क्लिक, फार तर दोन, आणि तोच रस्ता परत चालवा. आणि सुरुवातीला स्क्रू हळूच पूर्ण बंद करून किती क्लिक होते ते मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. बंद करताना जोर लावू नका, आतली सुई बसायची जागा खराब होते आणि मग ते शॉकअप कुठल्याच क्लिकला ऐकत नाही. पुढचा फोर्क किती वापरला जातोय ते बघायला दांडीवर एक केबल टाय हलका बांधा, तो जिथपर्यंत सरकला तिथपर्यंत प्रवास झाला. रोजच्या रस्त्यात शेवटचा थोडा भाग शिल्लक राहिला पाहिजे.

आता स्टाईल. पुणे बेंगळुरू हायवेला, म्हणजे जुना ४ आणि आताचा ४८ नंबर, सामान लादून लांब जाणाऱ्यानं मागचा प्रीलोड पुरेसा ठेवावा आणि रिबाउंड थोडं आवळलेलं, म्हणजे लेन बदलताना गाडी डुलत नाही. कासला जाणाऱ्यांनी कडक करायचा मोह टाळावा. रस्त्याची कड तुटलेली असते, पावसाळ्यात ओल आणि माती असते, तिथं चाक रस्त्याला चिकटून राहणं महत्त्वाचं आणि ते थोड्या मऊ कॉम्प्रेशनला राहतं. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडच्या कच्च्या रस्त्यांना तर कॉम्प्रेशन आणि रिबाउंड दोन्ही अजून मोकळं करा, पण परत डांबरीवर आलात की परत आवळायला विसरू नका.

ज्या गाडीला पुढं काहीच सेटिंग नाही

बहुतेक १२५ ते १५० च्या गाड्या अशाच आहेत, आणि तिथं फोर्क ऑईल हेच तुमचं सेटिंग. वर्षानुवर्षं तेच ऑईल राहिलं की ते पातळ आणि काळं होतं, मग यवतेश्वर उतरताना ब्रेक दाबला की नाक एकदम खाली जातं. मॅन्युअलमध्ये दिलेलं ऑईल, दिलेल्या मापानं, दोन्ही पायात सारखं. कडक व्हावं म्हणून माप ओलांडून भरू नका, वरची हवेची जागा कमी होते, दाब वाढतो आणि सील फुटतो. फुटलेल्या सीलचं ऑईल ओघळून डिस्कवर गेलं तर ब्रेक लागत नाही, हे उद्यावर टाकायचं काम नाही. उसाच्या सीझनला ट्रॉल्यांच्या चाकाची काळी माती रस्त्याला पडते, ती फोर्कच्या दांडीवर वाळली की सील कापते. ओल्या फडक्यानं पुसा, वॉशिंगवाल्याला प्रेशरचं पाणी थेट सीलवर मारू देऊ नका.

आणि शॉकअप खरंच गेलंय हे कसं ओळखायचं? सीट जोरात दाबून सोडा. परत वर येऊन थांबलं तर ठीक, झुलत राहिलं तर आतलं डॅम्पिंग, म्हणजे हलणं आवरायची ताकद, संपलंय. दांड्यावर तेलाचा थर, किंवा रिबाउंडचा स्क्रू या टोकापासनं त्या टोकापर्यंत फिरवून काहीच फरक नाही, ही पण खूण. गॅसचं शॉकअप रस्त्याकडेला उघडू देऊ नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो. दोन शॉकअपवाल्या गाडीला दोन्ही एकदम बदला, आणि दुकानात जाताना गाडीच्या मॉडेलबरोबर तुमचं वजन आणि मागं नेहमी किती ओझं असतं ते पण सांगा.