भौतिक बदल की रासायनिक? कूलरपाशी बसून ओळखा आणि या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा 45च्या वर गेला की घरोघरी कूलर दिवसरात्र चालू असतो. मी मुलांना भौतिक आणि रासायनिक बदल याच कूलरवरून शिकवते. पुस्तकातला बर्फ आणि मेणबत्ती त्यांना तोंडपाठ असते, त्यामुळे समजुतीतली चूक लपून राहते.

सगळ्यात खोल रुजलेली चूक म्हणजे "उलटवता आला तर भौतिक, नाही तर रासायनिक." गिरणीतून गहू दळून आणला, तर पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. तरी तो गहूच आहे, फक्त बारीक झाला. आता इन्व्हर्टरची बॅटरी बघा. लाईन गेली की तिच्यातलं शिसं आणि लेड डायऑक्साइड यांची सल्फ्युरिक आम्लाशी अभिक्रिया होते आणि लेड सल्फेट तयार होतं. लाईन आली की चार्जिंग होताना मूळचे पदार्थ परत मिळतात. रोज उलटणारा हा बदल रासायनिकच आहे. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: नवा पदार्थ तयार झाला का?

हाच प्रश्न कूलरला विचारा. ताट्यांवरून ओघळणारं पाणी वाफ होऊन उडतं, पण त्याचे रेणू पाण्याचेच राहतात. हा बदल भौतिक. लोखंडी टाकीला गंज चढतो, तो लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी मिळून झालेला नवा पदार्थ. हा रासायनिक. इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर येतं.

मग मी ताट्यांवरच्या पांढऱ्या थराकडे बोट दाखवते. "पाणी उडालं, क्षार उरले, म्हणून भौतिक," असं उत्तर हमखास येतं. ते अर्धंच बरोबर आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी उडताना त्याचं विघटन होतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट चिकटून बसतं. भिंतीला लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दोन-तीन दिवसांत पांढराशुभ्र होतो, तेव्हाही हेच कॅल्शियम कार्बोनेट बनतं. मला हे साम्य फार आवडतं. कूलरचा प्लग काढून त्या थराचा एक टवका वाटीत घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. फसफसून वायू निघतो, तो कार्बन डायऑक्साइड.

पण बुडबुडे दिसले की लगेच "रासायनिक" लिहू नका. चहाचं आधण तापताना आधी पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, मग वाफ. नवं काहीच बनत नाही. ईनो पाण्यात टाकला तर मात्र खरोखर अभिक्रिया होते. रंगाचंही तसंच. लालबुंद तापलेलं लोखंड निवलं की पूर्वीसारखं दिसतं. हिरवं संत्रं केशरी होतं तेव्हा सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि नवी रंगद्रव्यं तयार होतात.

परीक्षेत गुण जातात ते दोन्ही बदल एकत्र असतात तिथे. साखर वितळली हा भौतिक बदल. तीच कढईत तपकिरी होऊन करपली, हा रासायनिक. अशा वेळी एकच शब्द लिहून थांबू नका. कोणता पदार्थ होता आणि कोणता झाला, दोन्ही नावं लिहा. दुसरं नाव सापडत नसेल, तर उत्तर बहुधा भौतिक आहे.